पहिली पाच मिनिटं दम धरा: कोल्हापुरात टाइम ट्रायलची तयारी

माझ्या पहिल्या टाइम ट्रायलमध्ये सुरुवातीचे तीन किलोमीटर मी ताशी ३६-३७ च्या वेगाने मारले. सायकल हलकी लागत होती, पाय आपोआप फिरत होते, आणि आज काहीतरी वेगळंच होणार असं वाटत होतं. पाचव्या किलोमीटरला तोंड कोरडं पडलं. आठव्याला मांड्या भरून आल्या. परतीच्या वाटेवर माझ्यामागून दोन मिनिटांनी सुटलेले पन्नाशीचे एक गृहस्थ मला शांतपणे ओलांडून गेले. त्यांच्या पायांची लय सुरुवातीला होती तशीच शेवटीही होती. २० किलोमीटरला मला ४३ मिनिटं लागली. पुढच्या सहा-सात महिन्यांत ती वेळ ३७ वर आली. त्यात पायांची ताकद वाढली हे खरं, पण निम्म्याहून जास्त वेळ वाचला तो दम वाटून खर्च करायला आणि सायकलवर नीट बसायला शिकल्यामुळे.

तालमीच्या गावात हे समजायला अवघड जाऊ नये. पहिल्याच झटापटीत सगळा दम काढणाऱ्या नव्या पोराला वस्ताद आधी हेच सांगतात. तरीही सायकलवर बसलं की आपण सगळे ते विसरतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी खेळ समजून घेऊ. टाइम ट्रायलमध्ये सगळे एकत्र सुटत नाहीत. ठरावीक अंतराने, साधारण अर्ध्या किंवा एका मिनिटाने, एकेकाला सोडतात. दुसऱ्याच्या चाकामागे लपून वारा चुकवायला मनाई असते. ज्याची वेळ सगळ्यात कमी, तो पहिला. हा प्रकार इंग्लंडमध्ये १८९५ च्या सुमारास रुजला. रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींमुळे पोलिसांचा त्रास व्हायला लागला, तेव्हा तिथले सायकलस्वार फ्रेडरिक बिडलेक यांनी स्वारांना एकेकटं, भल्या पहाटे सोडायची पद्धत पुढे आणली. शर्यत चालू आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून स्वार गडद रंगाचे कपडे घालायचे. (गडद कपड्यांची ती रीत आपण मुळीच उचलायची नाही. पहाटेच्या अंधारात उठून दिसणारा रंग आणि मागे लुकलुकता दिवा हवाच.) आपल्या फायद्याची गोष्ट ही की यासाठी स्पर्धेची वाट बघावी लागत नाही. एक रस्ता, एक घड्याळ आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते.

रस्ता एकच ठरवा

जाऊन-येऊन २० किलोमीटरचा, म्हणजे १० किलोमीटरवर वळून परत यायचं असा टप्पा निवडा. सिग्नल नको, मोठा चौक नको, बाजारपेठेचं गाव नको. रंकाळ्याभोवती वेळ लावायचा मोह होतो, पण तिथे पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. तिथे जोरात सायकल मारणं चूक आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर रस्ता गुळगुळीत मिळतो, पण ट्रक अंगावरून जातात आणि प्रत्येक मोठी गाडी तुम्हाला थोडं ओढून नेते, त्यामुळे वेळही खरी राहत नाही. माझा कौल गगनबावडा रस्त्याला, बालिंग्याचा पूल ओलांडल्यानंतर. किंवा राधानगरी रस्त्याला, पुईखडीचा चढ मागे टाकून वाशीच्या पुढे हळदीकडे. दोन्हीकडे गावं लागतात आणि गावागावात गतिरोधक आहेत, काहींवर रंगाचा पट्टाही शिल्लक नाही. म्हणून पहिल्या दिवशी वेळ लावूच नका. सावकाश जाऊन या. कुठे गतिरोधक आहे, कुठे खडी निघाली आहे, कुठल्या वस्तीतली कुत्री मागे लागतात, ते वहीत लिहा.

गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या गाड्यांचं ध्यान ठेवावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत घेतो, आणि पहाटे मागे दिवा असेलच असं नाही. रस्त्यावर ऊस पडलेला असतो, शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल असतो. हिवाळ्यातली हवा सरावाला सगळ्यात चांगली आणि नेमक्या त्याच दिवसांत रस्ता सगळ्यात वाईट, ही आपल्या भागातली अडचण आहे. त्यावर उपाय एकच, रविवारी उजाडताच निघायचं, आणि ट्रॅक्टर दिसला की वेळ गेली तरी चालेल म्हणून वेग कमी करायचा. त्याच्या मागे चिकटून जाऊ नका. ते धोक्याचं आहेच, शिवाय अशी मिळालेली वेळ तुमची नसते.

पहिली चाचणी

चाळिशी ओलांडली असेल, किंवा रक्तदाब, साखर, छातीचा काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ही जोर लावायची चाचणी आहे.

महिनाभर आठवड्यातून तीन-चार वेळा सायकल चालवल्यावरच पहिली वेळ लावा. २० मिनिटं हलकं चालवून अंग गरम करा, मग ठरलेल्या खुणेपासून घड्याळ सुरू करा. खूण पक्की हवी. मैलाचा दगड, पुलाचा कठडा, काहीही, पण दरवेळी तेच. परतल्यावर वहीत वेळ लिहा आणि त्याच्या शेजारी तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा, झोप किती झाली, टायरमध्ये हवा किती होती हेही लिहा. हा तपशील चार महिन्यांनी कामाला येतो. जानेवारीत १५ अंशांची आणि एप्रिलमध्ये ३० अंशांची सकाळ यांत हवेच्या घनतेचा फरक ५ टक्क्यांच्या आसपास असतो. गरम हवा विरळ, त्यामुळे तीच मेहनत उन्हाळ्यात थोडी जास्त वेग देते. हे माहीत नसेल तर आपण सुधारलो की हवा सुधारली ते कळत नाही.

पॉवरमीटर, म्हणजे पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र, असेल तर २० मिनिटं सलग जेवढा जोर टिकतो त्याची सरासरी काढून तिचे ९५ टक्के घ्या. हा तुमचा तासभर टिकणाऱ्या जोराचा अंदाज. यालाच एफटीपी म्हणतात. पॉवरमीटर महाग असतो आणि पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर ३० मिनिटं एकट्याने जोर लावून चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी टिपून ठेवा. तेवढ्यावर सराव नीट आखता येतो. पट्टाही नसेल तर श्वास आहे, त्याविषयी खाली येईल.

वारा कुणालाच सोडत नाही

सपाट रस्त्यावर तुमचा बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. म्हणून ताशी २८ वरून ३० वर जाणं जमतं, पण ३५ वरून ३७ वर जाताना जीव जातो.

एक हिशेब मांडून बघू. सायकल धरून ८० किलो वजनाचा स्वार, हात सरळ ठेवून उंच बसलेला, आपल्या रस्त्यावर ताशी ३० ने जातोय. त्याला साधारण १७० वॅट लागतात आणि त्यातले १३० एकट्या हवेत जातात. आता तोच माणूस कोपर वाकवून, पाठ खाली घेऊन, खांदे आवळून बसला आणि हवेला अडणारा त्याचा आकार पाचव्या हिश्श्याने कमी झाला, तर त्याच १७० वॅटमध्ये तो ३२ च्या थोडा वर जातो. २० किलोमीटरला ४० मिनिटं लागत होती, तिथे साडेसदतीसच्या आत. अडीच मिनिटं, आणि पायांनी एक वॅटही जास्त दिला नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येकाच्या अंगापिंडाप्रमाणे बदलतील, पण फरक एवढ्याच मापाचा असतो.

१९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हात पुढे जवळ ठेवता येतील असा एरोबार लावला होता आणि निमुळतं हेल्मेट घातलं होतं. फिन्यों एरोबारशिवाय, हेल्मेटशिवाय, केसांची शेपटी मोकळी सोडून निघाला. तीन आठवड्यांची अख्खी शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवसाची कारणं अनेक सांगता येतील, पण त्यानंतर एरोबारला कुणी हसलं नाही.

तुम्ही मात्र एरोबार लगेच घेऊ नका. आधी आहे त्या हँडलवर बसायला शिका. ब्रेकच्या मुठी धरा, कोपर काटकोनात वाकवा म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीला समांतर येईल. खांदे कानांकडे आक्रसून घ्या, हनुवटी खाली, नजर वर. हात ताठ ठेवून खालचं हँडल धरण्यापेक्षा ही ढब बऱ्याच जणांना जास्त वेग देते. सुरुवातीला दोन मिनिटांत मान दुखेल. दर राइडला पाच-पाच मिनिटं वाढवत न्या. जी ढब तुम्हाला ४० मिनिटं टिकवता येत नाही ती कितीही निमुळती असली तरी उपयोगाची नाही, कारण दमल्यावर डोकं वर येतं आणि सगळा फायदा निघून जातो. उघड्या हँडलवर कोपरापुढचा हात टेकवून जायची सवय लावू नका. एक खड्डा आला की हात सटकतो.

ढब बरोबर आहे का हे तपासायला गावाबाहेरचा एखादा सरळ, मोकळा उतार शोधा. एका खुणेपासून पॅडल न मारता सायकल सोडा, खालच्या खुणेवर वेग किती झाला ते बघा. उंच बसून तीनदा, खाली वाकून तीनदा. वारा पडलेल्या सकाळी हे केलं तर फरक स्वतःच्या डोळ्यांना दिसतो आणि मग कुणी सांगावं लागत नाही. ब्रेकवरची बोटं मात्र काढू नका.

सैल टी-शर्ट आजच सोडा. अंगाला चिकटून बसणारी जर्सी हा सगळ्यात स्वस्त वेग आहे. चार-सहा महिन्यांनी, कंबर आणि मान तयार झाल्यावर, आहे त्या हँडलवर बसवता येणारा क्लिप-ऑन एरोबार लावा. तो धरला की हात ब्रेकपासून दूर जातात, म्हणून गाव, वळण, गतिरोधक, जनावरं दिसली की आधी हात ब्रेकवर. एरोबार लावल्यावर सीट किंचित पुढे आणि वर घ्यावी लागते, नाहीतर गुडघा पोटाला लागतो आणि श्वास अडतो. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही.

दम कसा वाटायचा

सगळ्या लेखात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुटताना पाय ताजे असतात, छातीत धडधड असते, आणि जोर किती लागतोय ते शरीर सांगतच नाही. ठोक्यांचा आकडाही फसवतो, तो वर यायला तीन-चार मिनिटं घेतो. त्या वेळात तुम्ही टिकणार नाही एवढा जोर लावला असेल, तर पायांत जे साचतं ते पुढे पॅडल मारता मारता निघत नाही. त्यासाठी वेग बराच खाली आणावा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत कमावलेले दहा सेकंद शेवटी मिनिटभराने फेडावे लागतात. माझी ४३ मिनिटं अशीच झाली.

म्हणून २० किलोमीटरचे चार भाग करा. पहिली पाच मिनिटं इतकी आवरून की एक लहान वाक्य बोलता यावं, आणि मनात शंका यावी की आपण फारच हळू चाललोय का. ती शंका आली म्हणजे वेग बरोबर आहे. तिथून वळणापर्यंत श्वास खोल पण लयीत, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. वळल्यावर पाच-सहा किलोमीटर हा सगळ्यात कठीण भाग, कारण मन भरकटतं आणि वेग नकळत उतरतो. इथे जोर वाढवायचा प्रयत्न करू नका, फक्त उतरू देऊ नका. मी दर किलोमीटरला खांदे, कोपर, हनुवटी अशी मनातल्या मनात उजळणी करतो. शेवटच्या तीन-चार किलोमीटरला बोलायला एकही शब्द उरू नये, आणि शेवटचा एक किलोमीटर जे आहे ते सगळं.

आता वाऱ्याचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर बहुधा पश्चिमेकडून वारा येतो, पावसाळ्यात तर येतोच. गगनबावड्याकडे जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. समजा वाऱ्याबरोबरचे १० किलोमीटर तुम्ही ताशी ४० ने मारले आणि वाऱ्याविरुद्धचे २४ ने. सरासरी ३२ येईल असं वाटतं, पण १५ मिनिटं आणि २५ मिनिटं मिळून ४० मिनिटं होतात, म्हणजे सरासरी ३०. तुमचा जास्त वेळ वाऱ्याविरुद्ध जातो, म्हणून थोडा जास्तीचा जोर, ५ ते १० टक्के, तिथेच लावायचा आणि पाठवाऱ्यात किंचित सैल सोडायचं. चढ-उतारालाही हेच लागू. चढावर थोडं जास्त, उतारावर अंग चोरून विसावा. पण पुलाचा छोटा चढ आला म्हणून उभं राहून हिसका मारणं नको.

वळण वेगळं घोटून घ्या. वीस मीटर आधी हलका गिअर घ्या, मागे वळून बघा, वेग उतरवा, वळा, आणि बसूनच सात-आठ पॅडलांत वेगात या. जड गिअरवर वळून पुन्हा उभं राहणाऱ्याचे पाच सेकंद आणि बराचसा दम तिथेच जातो.

आठवडा

नोकरी-धंदा सांभाळून चार दिवस पुरतात. मंगळवारी १० मिनिटांचे दोन टप्पे, मघाच्या चाचणीतल्या ठोक्यांच्या जरा खाली, मध्ये पाच मिनिटं हलकं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत २० मिनिटांच्या दोन टप्प्यांपर्यंत पोचा. गुरुवारी तीन-तीन मिनिटांचे पाच जोरदार टप्पे, तेवढीच विश्रांती. शनिवारी तासभर हलकं, सोबत्याशी गप्पा मारता येतील असं. रविवारी दोन-तीन तास लांब. जोराचे दिवस दोनच. हलक्या दिवशी शेजारून कुणी पुढे गेला तर जाऊ द्या. रोज मध्यम जोर लावणारी माणसं मी खूप पाहिली, ती वर्षभर तिथेच राहतात. दर चौथ्या आठवड्याला अर्धंच चालवा.

मंगळवारच्या टप्प्यांसाठी वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ किंवा जोतिबाचा डोंगर उत्तम. चढ पाय सैल सोडू देत नाही. फक्त महिन्यातून निदान दोनदा तोच सराव सपाट रस्त्यावर, वाकलेल्या ढबीत करा. चढावर उंच बसून कमावलेली ताकद वाकून बसल्यावर सगळीच्या सगळी हाताशी येत नाही.

सायकल आणि पोट

सायकलीबद्दल थोडक्यात. चेन धुऊन, पुसून, तेलाचा थेंब-थेंब देऊन पुन्हा पुसलेली हवी. ब्रेक चाकाला घासत नाही ना ते बघा. टायर शक्यतो २५ किंवा २८ मिलिमीटरचे. हवा दगडासारखी टच्च भरू नका. आपल्या खडबडीत डांबरावर फार कडक टायर उड्या मारतो आणि वेग खातो. ६५-७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय पुरे. त्याआधी महागडी चाकं बघू नका.

४० मिनिटांच्या शर्यतीत काही खायला लागत नाही. आदल्या रात्री भात-आमटी, पोळी-भाजी असं रोजचं. तांबडा-पांढरा शर्यतीनंतर, मिसळही. सकाळी सुटायच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा दोन केळी, आणि कॉफीची सवय असेल तर तासभर आधी एक कप. रविवारच्या लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलं पाहिजे. त्याला आपला गूळ आहेच. गुळाचा लहान खडा, केळं, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूपाणी. नवीन काहीही शर्यतीच्या दिवशी खाऊन बघायचं नाही.

शर्यतीची सकाळ

आदल्या आठवड्यात अंतर निम्मं करा, पण एक-दोन दिवस छोटे जोरदार टप्पे ठेवा, म्हणजे पाय झोपत नाहीत. तासभर आधी पोचा. २० मिनिटं अंग गरम करा, त्यात शेवटी एकेक मिनिटाचे तीन जोर, आणि सुटायच्या पाच-सात मिनिटं आधी थांबा. सुटायच्या गिअरवर सायकल आधीच ठेवा, मधला गिअर, फार जड नको. मागून कुणी सीट धरत असेल तर घाबरू नका, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून अंग सैल सोडा. घरी मित्राला धरायला लावून चार वेळा सराव केला की ती भीती जाते. पुढच्याला गाठलंत तर बाजूला निदान दोन मीटर अंतर ठेवून ओलांडा. तुम्हाला कुणी ओलांडलं तर त्याच्या मागे लागू नका, २५ मीटर मागे राहा.

रेषा ओलांडल्यावर लगेच उतरू नका. दहा मिनिटं अगदी हलके पाय फिरवा, मग पाणी प्या. आणि चहाच्या टपरीवर गप्पा सुरू होण्याआधी वही काढून लिहा: पहिली पाच मिनिटं कशी गेली, वळणावर घड्याळात किती होतं, परतीत किती लागले. परतीचे दहा किलोमीटर जाण्याच्या दहांपेक्षा खूप हळू आले असतील आणि वाऱ्याने तसं केलं नसेल, तर पुढच्या वेळी सुरुवातीचा वेग ताशी अजून अर्ध्या किलोमीटरने खाली आणा.